चांगली रेड वाइन सांगलीच्या हवेत कशी मुरवावी, कशी चाखावी, पाहुण्यांपुढे कशी ठेवावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. माझे मेहुणे कामानिमित्त इटलीत तोरिनोला असतात. दिवाळीला आले तेव्हा बारोलो या तिथल्या रेड वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आले, दोन्हींवर साल २०१६. जाताना सांगून गेले, "दाजी, आत्ता उघडलीत तरी वाया जाणार नाही, पण काही वर्षं थांबलात तर हिचं खरं रूप कळेल."

आमचं घर विश्रामबागला, वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडी गच्ची. सध्या बाटल्या मधल्या खोलीतल्या लाकडी कपाटात आडव्या ठेवल्यात. थंडी आहे तोवर काळजी नाही, पण मार्च लागला की त्या खोलीत काय होतं हे इथल्यांना सांगायला नको. सांगलीत, मिरजेत, साताऱ्याकडे कुणी चांगली रेड वाइन वर्षानुवर्षं जपली आहे का? ठेवायची तर कशी, उघडायची तर कधी आणि उघडल्यावर नीट चाखायची कशी, सविस्तर लिहा. घाईघाईत संपवायची ही वस्तू नाही एवढं मला कळतं, पुढचं तुमच्याकडून शिकायचं आहे.

मिरज_जंक्शन

कृष्णाकाठ, फार चांगला विषय काढलात. माझी नोकरी गोव्यात आणि मुंबईत हॉटेलांच्या वाइन विभागात गेली, आता मिरजेत कायमचा आलोय. त्यामुळे पुस्तकी थोडं आणि हाताळलेलं जास्त, असं सांगतो.

वाइनचे वैरी चार: उष्णता, उजेड, हवा आणि हादरे. सांगलीत पहिल्यापुढे बाकीचे तिघे किरकोळ. बाटली वर्षानुवर्षं ठेवायची तर १२ ते १४ अंश सेल्सिअस उत्तम. २० अंशांवर ती लवकर मुरते, पण बिघडत नाही. ३० च्या वर आठवडेच्या आठवडे राहिली तर मात्र ती मुरत नाही, शिजते. ताज्या फळाचा वास जाऊन मुरंब्याचा, करपट मनुकांचा वास येतो. शिवाय आतली वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते, कडेने थोडी पाझरते, आणि रात्री गारवा आला की त्याच वाटेने हवा आत ओढली जाते. दिवसा तापणं आणि रात्री निवणं हा रोजचा खेळ म्हणूनच जास्त घातक.

बरेच जण विचारतात, उष्णतेने लवकर मुरत असेल तर आपलं कामच झालं की! तसं होत नाही. मुरणं ही एकच क्रिया नव्हे. टॅनिनचे, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या नि बियांतल्या तुरट द्रव्याचे, रेणू एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात, काही तळाशी बसतात आणि तुरटपणा मऊ पडतो. रंगाचे रेणूही त्यांना जाऊन मिळतात. आम्लं आणि अल्कोहोल यांच्यातून नवे सुगंध तयार होतात. ही सगळी कामं आपापल्या गतीने चालतात आणि तापमान चढलं की सगळ्यांची गती सारखी वाढत नाही. टॅनिन मऊ होण्याआधीच सुगंध मरून जातो. सावकाशपणाला पर्याय नाही.

तुमच्या बारोलोबद्दल. ही पिएमाँत प्रांतातली, नेब्बिओलो द्राक्षाची वाइन. कायद्यानेच तिला विक्रीआधी किमान ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले किमान १८ महिने लाकडी पिंपात. रिझर्वा लिहिलेली असेल तर ६२ महिने. २०१६ हे तिथलं फार नावाजलेलं वर्ष. मेहुण्यांनी निवड करून आणलंय, नुसतं विमानतळावरून उचललेलं नाही.

बेदाणा

राम राम. मी तासगावचा, द्राक्षबागायतदार. मी स्वतः घेत नाही, पण द्राक्ष म्हणाल तर आयुष्य त्यातच गेलं, म्हणून दोन शब्द.

आमची थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका ही सगळी खायची आणि बेदाण्याची द्राक्षं. बी नको, साल पातळ हवी, मणी फुगलेला हवा. त्यासाठी विरळणी करतो, जीएचं (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाचं) डिपिंग देतो. वाइनच्या द्राक्षाचं सगळं उलटं. मणी बारीक, साल जाड, आत बी, आणि घड मुद्दाम कमी ठेवायचे. कारण रस बहुतेक सगळ्या द्राक्षांचा पांढरटच असतो. रंग आणि तुरटपणा सालीत नि बियांत. मणी जितका बारीक, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून रेड वाइनला साल-बियांसकट आंबवतात. खायच्या द्राक्षात १६ ते १८ ब्रिक्स साखर भरली की आम्ही खूश, वाइनवाल्यांना २२ ते २५ लागते.

२००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, नाशिककडे विंचूरला आणि इकडे पलूसला वाइन पार्क उभं राहिलं. त्या हवेत आम्हीही करारावर शिराझ आणि कॅबर्ने ही वाइनची द्राक्षं लावली. झाडं छान आली. डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केलेली होती, पाण्याचा ताण सोसायची. पुढं माल घेणाऱ्यांकडूनच पैसे अडकले, दर पडला आणि ती बाग काढून पुन्हा सोनाका लावावी लागली. आजही वाटतं, त्या मालाची नीट मुरलेली वाइन एकदा तरी कुणीतरी जपून ठेवायला हवी होती. कृष्णाकाठ, तुम्ही जपताय हे वाचून बरं वाटलं.

कृष्णाकाठ

बेदाणा काका, मनापासून आभार. साल आणि बी यांचं हे गणित मला माहीत नव्हतं. मिरज_जंक्शन, मग १३ अंश आणायचे कुठून? साधा फ्रिज?

वाईचा_वाडा

आमच्या वाईच्या वाड्याला दगडी तळघर आहे. भर उन्हाळ्यात खाली उतरलं की गार वाटतं. युरोपात तळघरातच तर ठेवतात ना? अशी तळघरं सातारा, वाई, मेणवली भागात अजून बऱ्याच घरांत आहेत. मी तिथे बाटल्या ठेवायचा विचार करतोय.

मिरज_जंक्शन

वाईचा_वाडा, थोडं थांबा. तळघर गार का वाटतं, ते बघू. जमिनीत जरा खोल गेलं की तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावतं. बोर्डो किंवा पिएमाँतची सरासरी १३-१४ अंशांच्या आसपास आहे, म्हणून तिथलं तळघर आपोआप वाइनला हवं तसं होतं. आपल्याकडची सरासरी साधारण २५. बाहेर ३९ असताना २५-२६ गारच वाटणार! पण वाइनच्या दृष्टीने ते उबदारच. तरी एक मोठा गुण आहे: तिथलं तापमान दिवसरात्र हलत नाही आणि अंधार असतो. वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या बाटल्यांना तुमचं तळघर खोलीतल्या कपाटापेक्षा कितीतरी सरस. दहा वर्षांच्या बारोलोला नाही.

साधा फ्रिज ४-५ अंशांवर चालतो. काही महिने बाटली राहिली तर बिघडत नाही, फक्त मुरणं जवळजवळ थांबतं. मात्र आतली हवा फार कोरडी, वर्षानुवर्षं ठेवली तर बूच वाळून आकसतं. बाटली आडवी ठेवतात तीही बूच ओलं राहावं म्हणूनच. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी काही बिघडत नाही.

गावभाग_९

सांगलीच्या गावभागातल्यांनी तळघर, तळमजला असा विचारच करू नका. २०१९ ला पाणी कुठवर चढलं होतं ते आठवा, २०२१ ला पुन्हा. बंद बाटली पुरात वाचेलही, पण पुराचं पाणी बुचाला लागल्यावर ती पिण्यासाठी उघडणं मला पटत नाही.

बेदाणा

एक शंका. आमच्याकडे बेदाण्यासाठी कोल्ड स्टोरेज गल्लोगल्ली आहेत. ओळखीच्या मालकाकडे कोपऱ्यात एक पेटी ठेवली तर?

मिरज_जंक्शन

काका, चांगली सूचना. बेदाण्याला लागणारी थंडी वाइनला हवी त्यापेक्षा बरीच जास्त. तिथे बाटली झोपून राहील, मुरणार नाही. एप्रिल-मे पार पाडायला मात्र उत्तम सोय. तिथून काढल्यावर बुचाला किंवा तळाला साखरेच्या दाण्यांसारखे चकचकीत खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टरिक आम्लाचे क्षार, द्राक्षातलेच. थंडीत ते वेगळे होतात. पोटात गेले तरी अपाय नाही.

आता ज्यांना कायमची सोय हवी त्यांच्यासाठी महत्त्वाचं. बाजारात वाइन कूलर म्हणून छोटी कपाटं मिळतात. त्यात दोन जाती आहेत. एक थर्मोइलेक्ट्रिक: आवाज नाही, हादरा नाही, दिसायला देखणी. पण ती बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १२ ते १५ अंशच खाली जाऊ शकते. युरोपातल्या दिवाणखान्यात ठीक. आपल्या ३८ अंशांच्या खोलीत तिचे फार तर २३-२४ होणार आणि ती दिवसभर धापा टाकणार. दुसरी कॉम्प्रेसरवाली. सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा शहर, कुठेही राहात असाल तर कॉम्प्रेसरचीच घ्या. भिंतीपासून हवेला जागा सोडा आणि स्टॅबिलायझर लावा. दोन-तीन तास वीज गेली तर दार उघडू नका, आतल्या बाटल्या स्वतःच थंडी धरून ठेवतात.

अजिंक्यतारा

मी साताऱ्यातून. इतकं सगळं करून किती वाइनना त्याचा उपयोग होतो? मी तर ऐकलंय वाइन जितकी जुनी तितकी चांगली.

मिरज_जंक्शन

हा समज मोडायलाच हवा. जगात विकली जाणारी बहुतांश रेड वाइन एक-दोन वर्षांत, फार तर चार-पाच वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. फ्रान्सची बोजोले नूवो ही कोवळी रेड नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि तिची गंमत त्याच हिवाळ्यात. ती दहा वर्षं ठेवणं म्हणजे तिच्यावर अन्याय.

टिकायला भांडवल लागतं: आंबटपणा, टॅनिन आणि फळाचा गाढपणा, तिन्ही एकमेकांना तोलून धरणारं. एखादी वाइन नुसतीच तुरट असेल आणि फळ फिकं असेल, तर वर्षांनी तुरटपणा उरतो आणि फळ निघून जातं. बोर्डोच्या १८५५ च्या वर्गवारीतली शातो (नामांकित वाइन-मळे), बारोलो, रोनच्या वरच्या भागातली हर्मिताज, रियोहाची ग्रान रेझेर्वा, ही दशकं पाहणारी घराणी. बाटली मोठी असेल तर मुरणं आणखी संथ. दीड लिटरच्या मॅग्नमला म्हणून संग्राहकांत मान.

आपल्या देशी रेडबद्दल माझं स्पष्ट मत: विकत घेतल्यापासून तीन-चार वर्षांत प्या. उष्ण प्रदेशात द्राक्ष पिकता पिकता आंबटपणा लवकर उतरतो आणि दीर्घायुष्याचा तो मोठा आधार. यात कमीपणा काही नाही. ग्रोव्हरची ला रिझर्व, सुलाची दिंडोरी रिझर्व शिराझ आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते या मी आदराने पाहुण्यांपुढे ठेवतो. सेत्तेमध्ये सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांचा मेळ आहे, तिला थोडा जास्त काळ दिला तरी ती उभी राहते.

आणखी एक, बेदाणा काकांना लगेच पटेल. बाटलीवरचं साल म्हणजे द्राक्ष तोडल्याचं साल. आपल्याकडे फळछाटणी पावसाळा संपताना आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्च. युरोपात काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे एकाच सालाची देशी बाटली युरोपातल्या बाटलीहून सात-आठ महिन्यांनी मोठी असते. वय मोजताना हे धरावं.

हरिपूर_संगम

जपण्याबद्दल खूप झालं, चाखण्याबद्दल मी लिहिते. आम्ही काही मैत्रिणी हिवाळ्यात एकत्र जमून एकेक बाटली अभ्यासाने चाखतो. सगळ्यात मोठी तयारी वाइनची नाही, खोलीची असते. उदबत्ती नको, अत्तर नको, मोगऱ्याचा गजरा नको. आधी लसणाचं भडंग खाऊन आलेल्या बाईला पहिला तासभर काही कळत नाही. आणि डोक्यावरचा दिवा पांढरा हवा, पिवळ्या दिव्यात रंग फसवतो.

ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता, आणि एक तृतीयांशच भरायचा. उरलेली जागा वासाची असते. ग्लास दांड्याला धरा, हाताची ऊब आपल्याकडे आधीच जास्त. पांढऱ्या कापडावर तिरपा करून कड बघा. कोवळ्या रेडची कड जांभळट, मुरलेलीची विटकरी, फार जुनीची तपकिरी. मग ग्लास न हलवता एकदा वास घ्या आणि हलवून पुन्हा घ्या. दोन्हींत फरक असतो, तो वहीत लिहा.

वास ओळखताना परदेशी यादी पाठ करू नका. आम्ही स्वयंपाकघरातून सुरुवात केली: मिरी, लवंग, ज्येष्ठमध, आमसूल, चहाची पत्ती, सुकं खोबरं, वाळलेला गुलाब, कातडी चप्पल. एकेक वाटीत ठेवून डोळे मिटून हुंगलं. शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो तो भास नव्हे. रोटंडोन नावाचं जे द्रव्य मिरीत असतं तेच शिराझच्या सालीत असतं. कॅबर्नेत हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, तोही दोन्हींत असलेल्या पायराझिन वर्गातल्या द्रव्यांमुळे. अमेरिकन ओकच्या पिंपातून खोबऱ्याचा वास उतरतो. हे कळल्यापासून मला वाइन परकी वाटेनाशी झाली.

मग छोटा घोट, तोंडभर फिरवून. आंबटपणाने लाळ सुटते. टॅनिनने उलटं, कच्चट जांभूळ खाल्ल्यावर होतं तसं हिरड्या आणि जीभ कोरडी पडते. चांगल्या वाइनमध्ये तो तुरटपणा बारीक, रेशमी दळाचा लागतो, हलक्या वाइनमध्ये खरखरीत. गिळल्यावर घड्याळ न बघता फक्त लक्ष ठेवा, चव किती वेळ रेंगाळते आणि रेंगाळताना बदलते का. मला विचाराल तर मोठ्या वाइनची ओळख इथेच पटते. जिभेच्या टोकाला गोड आणि कडेला आंबट अशी जी आकृती शाळेत शिकलो ती चुकीची आहे, सगळ्या चवी सगळीकडे कळतात.

अजिंक्यतारा

ताई, सुंदर लिहिलंत. आणि बिघडलेली बाटली ओळखायची कशी?

हरिपूर_संगम

ओल्या पुठ्ठ्याचा, पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास आला आणि फळाचा वास दबलेला असला तर बूच खराब. ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं द्रव्य अगदी नगण्य प्रमाणातही हे करतं. हवा लागूनही तो जात नाही, उलट वाढतो. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा झणका म्हणजे बाष्पशील आम्ल वाढलंय. आणि शिजलेली वाइन वर सांगितलीच आहे. आपल्याकडे दुकानांतच ती तापलेली असण्याची शक्यता मोठी. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी केलेली बाटली कितीही महाग असो, घेऊ नका. बूच बाटलीच्या तोंडातून किंचित वर आलेलं दिसलं तर हात आखडता घ्या.

गावभाग_९

रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यावी असं सगळे सांगतात. आमच्या रूमचं टेंपरेचर मेमध्ये ३६ असतं हो.

मिरज_जंक्शन

ते रूम टेंपरेचर युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं, १६ ते १८ अंशांचं. भारी रेड त्याच तापमानाला द्यावी, हलकी रेड १३-१४ ला. ३६ अंशांच्या रेडमध्ये नाकाला फक्त अल्कोहोल जाणवतं, बाकी सगळं त्याखाली बुजतं. फार गार केली तर तुरटपणा बोचतो आणि सुगंध बंद होतो. आपल्याकडे उपाय असा: बाटली फ्रिजमध्ये दोन-तीन तास, किंवा पाणी आणि बर्फ निम्मं-निम्मं भरलेल्या बादलीत १५ मिनिटं. नुसता बर्फ नको, पाण्यामुळे थंडी काचेला सगळीकडून भिडते. देताना १५ अंशांना द्या, ग्लासात ती आपसूक १८ वर येते. थोडी थोडी ओता, बाटली पुन्हा बादलीत. ग्लासात बर्फाचा खडा कधीही नाही.

शेतावर बर्फ नसेल तर एप्रिलच्या कोरड्या हवेत ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याला ठेवा, बरेच अंश उतरतात. जुलैत ही युक्ती चालत नाही, हवेतच ओल असते.

वाईचा_वाडा

डिकँटरबद्दल, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्याबद्दल, कुणी लिहिलं नाही. मी तर प्रत्येक रेड दोन तास आधी ओतून ठेवतो. त्याने वाइन खुलते.

मिरज_जंक्शन

इथे माझं मत वेगळं आहे. डिकँटरमध्ये ओतण्याची कारणं दोन आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेची आहेत. जुन्या वाइनचा गाळ मागे राहावा म्हणून ओततात. त्यासाठी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवायची, मग मानेखाली मेणबत्ती किंवा टॉर्च धरून एका संथ धारेत ओतायची आणि गाळाची रेघ मानेशी आली की थांबायचं. वीस-तीस वर्षांची वाइन नाजूक असते. ती ओतून लगेच प्यायची, दोन तास ठेवलीत तर जे इतकी वर्षं जपलं तेच उडून जाईल. कोवळ्या, तुरट वाइनला मात्र हवा लागू द्यायची, तिला एक-दोन तास मानवतात. बोर्डोचे एमिल पेनो, ज्यांना आधुनिक वाइनशास्त्राचे गुरू मानतात, ते तर हवा देण्याच्याच विरोधात होते. ओतायचीच असेल तर शेवटच्या क्षणी ओता, म्हणायचे. मी त्यांच्याइतका कडक नाही. पण सरसकट प्रत्येक बाटलीला दोन तास, हे मला मान्य नाही. आधी ग्लासात थोडी ओता, चाखा, मग ठरवा. आणि नुसतं बूच काढून ठेवल्याने काही होत नाही, बाटलीच्या मानेतून हवा लागते ती किती?

वाईचा_वाडा

आधी चाखून ठरवावं हे पटलं. तरी माझ्या अनुभवात देशी शिराझ हवेने सुधारते, त्यावर मी ठाम आहे.

कृष्णाकाठ

मंडळी, तुमच्या भरवशावर ठरवलंय: दोनांपैकी एक याच थंडीत उघडायची आणि ती काय सांगते त्यावर दुसरीचं ठरवायचं. जेवणाला काय करू? घरी तांबडा-पांढराच होतो.

हरिपूर_संगम

तांबडा रस्सा त्या दिवशी नको. तिखटाने आधीच भाजलेल्या जिभेवर अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही आग वाढवतात, बारोलोत तर दोन्ही भरपूर. मटण हवंच, कारण मांसातली प्रथिनं टॅनिनला बांधून घेतात आणि वाइन मऊ लागते. कांदा, खोबरं, मिरी, धणे यांवर सुकं करा, लाल मिरची रंगापुरती. सोबत भाकरी आणि खरपूस भाजलेलं वांगं. मीठ नीट घाला, मीठही तुरटपणा उतरवतं. शाकाहारी कुणी असेल तर लोणी-मिरीत परतलेले मशरूम उत्तम जमतात. तांबड्यासोबत काही हवंच असेल तर किंचित गोडसर थंडगार शेनिन ब्लां ही पांढरी वाइन, दुसऱ्या दिवशी.

कृष्णाकाठ

रविवारी उघडली. सविस्तर सांगतो.

बूच अखंड निघालं, फक्त टोक रंगलेलं. ओतल्यावर पहिला धक्का रंगाचा: मी काळीभोर वाइन येईल समजत होतो, ही फिकट माणकाच्या रंगाची, कडेला किंचित केशरी. ग्लासाआडची अक्षरं वाचता येत होती. वास सुरुवातीला बंद. चाखल्यावर आंबटपणाने तोंडाला पाणी सुटलं आणि पाठोपाठ हिरड्या कोरड्या पडल्या. हे मिरज_जंक्शन यांनी सांगितल्याप्रमाणे आधी चाखून बघितलं, मग डिकँटरमध्ये दोन तास ठेवली, खिडकीशी, १६ अंशांच्या आसपास.

दोन तासांनी तीच वाइन आहे यावर बायकोचा विश्वास बसेना. वाळलेला गुलाब, आंबट चेरी, ज्येष्ठमध, आणि मागे नव्या डांबरी रस्त्याचा वास. हा शेवटचा वडिलांनी ओळखला, कुणी न सांगता. मटणाच्या घासाबरोबर तुरटपणा खरोखर विरघळला. नुसती प्यायलो की पुन्हा परत यायचा. गिळल्यावर चव बराच वेळ राहात होती, आणि राहता राहता गुलाबाकडून चहाच्या पत्तीकडे सरकत होती. थोडी मुद्दाम उरवून बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या रात्री बाहेर काढून निववली तर आदल्या दिवसाहून गोलाई आलेली.

मिरज_जंक्शन

वाचून फार आनंद झाला. फिकट रंग आणि जबर टॅनिन हीच नेब्बिओलोची खूण, रंगावरून तिची ताकद जोखता येत नाही. डांबर आणि गुलाब हे बारोलोचं जगभर मान्य असलेलं वर्णन आहे, तुमच्या वडिलांच्या नाकाला माझा नमस्कार. मुरंब्याचा वास नाही, म्हणजे प्रवासात आणि कपाटात तिला उष्णता लागलेली नाही. दुसऱ्या दिवशी सुधारली, हा सगळ्यात चांगला पुरावा. जी वाइन उघडल्यावर दिवसभराने सुधारते तिच्यात पुढच्या वर्षांचं बळ आहे. आत्ताची तिची अडचण फक्त कोवळेपणाची. दुसरी जरूर ठेवा, २०३० च्या पुढे बघू.

कृष्णाकाठ

ठेवायची तर आहे, पण एका बाटलीसाठी कॉम्प्रेसरचं कपाट घेणं परवडत नाही.

बेदाणा

माझ्याकडे आणा, ओळखीच्या कोल्ड स्टोरेजला उन्हाळाभर ठेवू. माझी जबाबदारी.

मिरज_जंक्शन

काका, तुमचं मन मोठं आहे, पण तिथे ती मुरणार नाही, नुसती थांबेल. कृष्णाकाठ, माझ्या कपाटात १३ अंशांवर खालच्या फळीला एक जागा रिकामी आहे, ती तुमची. गळ्यात तुमच्या नावाची आणि तारखेची चिठ्ठी अडकवू. दर हिवाळ्यात मानेतली वाइनची पातळी बघायची. ती बुचापासून खाली उतरायला लागली तर वाट न बघता उघडायची. फेब्रुवारी सरायच्या आत आणा, सकाळी आठच्या आधी निघा, आणि डिकीत नको, मागच्या सीटवर टॉवेलमध्ये गुंडाळून आडवी.

कृष्णाकाठ

शनिवारी सकाळी येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. बेदाणा काका, तुम्हीही या, वडिलांना तुमच्याशी शिराझच्या बागेबद्दल बोलायचं आहे.